खुर्चीच्या पलीकडचे दुखणे

दाढ ठणकू लागली म्हणजे माणसाला देव आठवतो आणि त्याच्या पाठोपाठ दाताचा डॉक्टर. परंतु त्या खुर्चीशेजारी वाकून काम करणाऱ्या माणसाचे काय दुखत असेल, हा विचार आपल्यापैकी कितीजणांना शिवतो? आम्हांलाही तो फार उशिरा शिवला.

हैदराबादेत आमच्या परिचयाचे एक दंतवैद्य आहेत. घराणे मूळचे मराठवाड्यातले. मान आणि कंबर ही त्यांची नित्याची दुखणी. त्याहून मोठे दुखणे म्हणजे समोरच्या रुग्णाची भीती. दिवसभर भ्यालेली माणसे हाताळावयाची आणि स्वतः मात्र शांत दिसावयाचे!

या धंद्यात बदल नवा नाही. जुन्या यंत्रांच्या जागी १९५७ च्या सुमारास हवेवर फिरणारे यंत्र आले; ते मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे घेते. हातमोजे सर्रास वापरात आले ते १९८० नंतर, एड्सच्या भयाने. प्रत्येक वेळी हातांना जुनी सवय सोडावी लागली. सवय सोडणे थोरामोठ्यांनाही जड जाते. याच हैदराबादेत १८८८ व १८८९ साली निजामाच्या खर्चाने क्लोरोफॉर्मची परीक्षा झाली. डॉ. एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा की, श्वासावर नजर ठेवली म्हणजे झाले. हृदयाला धोका नाही. पुढे ते मत चुकीचे ठरले. तथापि लॉरींनी ते सोडले नाही.

मग २०२० चा मार्च महिना उजाडला आणि टाळेबंदी आली. फिरत्या यंत्रातून उडणारे पाण्याचे तुषार रुग्णाची लाळ घेऊन हवेत पसरतात, आणि डॉक्टरांचे तोंड तेथून हातभर अंतरावर! मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे नियम आले. लाल विभागात केवळ तातडीचे उपचार करावयाचे होते. जागेचे भाडे, क्ष-किरण यंत्राचे कर्ज, मदतनीस बाईंचा पगार, यांपैकी काहीच मात्र थांबले नाही. डॉक्टरांची झोप उडाली. घरी ते कोणाशी बोलेनात.

शेवटी त्यांच्या पत्नीने त्यांना हिशेबाची वही घेऊन बसविले आणि मदतनीस बाईंनाही बोलाविले. डॉक्टरांनी सर्व आकडे उघड मांडले. बाई म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, मला वाटले होते, तुम्ही मला काढून टाकणार. म्हणून मीही महिनाभर झोपले नाही.” दोघेही एकाच भीतीने जागत होते, आणि एकमेकांपासून ती लपवीत होते! त्या दिवशी ठरले की पगार कमी होईल, पण बंद होणार नाही. आणि डॉक्टर स्वतःसाठी सर्वांत शेवटी घेतील.

दवाखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा दोन रुग्णांमध्ये अर्धा तास मोकळा ठेवावा लागे. सफाईसाठी ठेवलेला तो वेळ डॉक्टरांच्या मानेलाही मानवला. आता तेवढी सक्ती उरली नाही, तरी दुपारचा अर्धा तास त्यांनी राखून ठेवला आहे. रुग्णांची नोंद संगणकावर नेण्याचे काम त्यांनी मुद्दाम वर्षभर लांबविले. एका वेळी एकच नवी गोष्ट, असा त्यांचा हट्ट. आम्हांला तो शहाणपणाचा वाटला.

बाई आता संगणक सफाईने चालवितात. जुनी नोंदवही मात्र त्यांनी खणात जपून ठेवली आहे, आणि वीज गेली की ती बाहेर येते.