आंबा 'इंडिका', तीळ 'इंडिकम': शेपूट का बदलतं?

आंब्याचं शास्त्रीय नाव मँजिफेरा इंडिका. तिळाचं सेसमम इंडिकम. लांब चोचीच्या गिधाडाचं जिप्स इंडिकस. शब्द एकच, मग शेवट तीन कसे?

हे लॅटिन विशेषण आहे, आणि लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत. आपलं काळा, काळी, काळं. त्यांचं इंडिकस, इंडिका, इंडिकम. मात्र लिंग बघायचं ते नावातल्या पहिल्या शब्दाचं. म्हणून मराठीतला 'तो' तीळ तिकडे 'ते' होतो. चिंच जरा फसवते: टॅमॅरिंडस इंडिका. 'टॅमॅरिंडस' पुल्लिंगी वाटतं, पण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी मानतात, म्हणून इंडिका.

शब्दाचं मूळ आपल्याच सिंधू नदीत आहे. जुन्या पर्शियन भाषेत सिंधूचं 'हिंदू' झालं, ग्रीकांनी 'ह' गाळून 'इंडोस' केलं, त्यावरून विशेषण 'इंडिकोस' आणि पुढे लॅटिन 'इंडिकस', म्हणजे भारतातला. रोमन लोक भारतातून येणाऱ्या निळीला नुसतंच 'इंडिकम' म्हणत. इंग्रजीतला 'इंडिगो' तिथूनच आला.

आता सोशल मीडियावरचा लाडका दावा: नावात इंडिका आहे, म्हणजे झाड मूळचं भारतातलं! चिंच मूळची आफ्रिकेतली आहे. अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदी खजूर म्हटलं, त्यातून 'टॅमॅरिंड' आलं आणि लिनिअसने १७५३ मध्ये वर आणखी 'इंडिका' जोडलं. बिचारी दोनदा भारतीय झाली! अंगणातली कर्दळ, कॅना इंडिका, तर अमेरिकेतली. युरोपीय लोक तेव्हा अमेरिकेकडच्या बेटांनाही 'इंडीज' म्हणत. टॅपिरस इंडिकस हा टॅपीर मलेशिया, सुमात्रा, थायलंडच्या जंगलांत राहतो, भारतात नाही.

मग नावं दुरुस्त का करत नाहीत? नियमच तसा आहे. लिंगाचं शेपूट चुकलं तर ते सुधारावंच लागतं, पण भूगोल चुकला म्हणून नाव रद्द होत नाही. झाड मूळचं कुठलं, हे त्याचे रानटी भाऊबंद, जनुकं आणि उत्खननातले दाणे सांगतात. तिळाच्या बाबतीत तिन्ही पुरावे भारतीय उपखंडाकडेच बोट दाखवतात. हडप्पात जळालेले तीळही सापडले आहेत.