सांडपाण्याची शाळा

न्यूयॉर्क राज्यातल्या ऱ्हाइनबेक इथे ओमेगा इन्स्टिट्यूटच्या आवारात २००९ साली ‘ओमेगा सेंटर फॉर सस्टेनेबल लिव्हिंग’ उभं राहिलं. पाण्याविषयी शिकवणाऱ्या या केंद्राची इमारत वर्षभरात लागेल तेवढी वीज स्वतःच तयार करते. ‘लिव्हिंग बिल्डिंग’ हे कडक निकषांचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या जगातल्या पहिल्या इमारतींत तिची गणना होते. पण तिचं खरं मोल या मानचिन्हांत नाही. आवारातल्या स्वच्छतागृहांचं आणि स्वयंपाकघराचं सगळं सांडपाणी इथेच येतं आणि शिकणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत शुद्ध होतं, हे तिचं मोठेपण. निसर्गशिक्षण म्हटलं की आपण मुलांना झऱ्याकाठी नेतो. आपल्या मोरीतून गेलेल्या पाण्याचं काय झालं, हे मात्र त्यांना कोणी दाखवत नाही, आणि नद्या तर त्याच पाण्याने नासल्या आहेत.

जॉन टॉड यांनी रचलेलं इथलं ‘इको मशीन’ दिवसाला ५२,००० गॅलन, म्हणजे जवळजवळ दोन लाख लिटर पाणी, रसायनांविना हाताळू शकतं. सेप्टिक टाकीत गाळ बसतो, प्राणवायूविरहित टाक्यांत जिवाणू कामाला लागतात, मग पाणी पाणकणसांच्या मुळांमधून, खडीखालून सरकत जातं. पुढे काचघरातले हौद. तिथे हवेचे बुडबुडे सोडलेले असतात आणि पाण्यात लोंबणाऱ्या मुळांवर जिवाणू, शेवाळ, गोगलगाई वस्ती करतात. झाडं देखणी असली तरी घाण खाण्याचं मुख्य काम नजरेत न भरणाऱ्या या वस्तीचं आहे. झाडं तिला घर पुरवतात. शेवटी वाळूची गाळणी, आणि मग पाणी जमिनीत मुरून भूजलाला मिळतं.

याला जागा फार लागते, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. दाट वस्तीच्या शहराला मोठी यांत्रिक केंद्रंच लागतील. पण वसतिगृहं, आश्रमशाळा, गावाबाहेरच्या वसाहती यांच्याकडे जागा असते, आणि वनस्पतींच्या साहाय्याने पाणी शुद्ध करणारं ‘फायटोरिड’ तंत्र नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने विकसित केलेलंच आहे. तंत्र परदेशातून आणायचं, अशी अडचण उरत नाही.

खरी अडचण सातत्याची आहे. ओमेगाचं आवार वसंतापासून शरदापर्यंत गजबजतं, हिवाळ्यात ओस पडतं. येणारं पाणी साठवून सारख्या वेगाने पुढे सोडणारी समतोल टाकी दिवसभरातले चढउतार सांभाळते. महिनोन्‌महिन्यांची उपासमार ती भरून काढू शकत नाही. काचघर झाडांना थंडीपासून वाचवतं, पण जिवाणूंचं अन्न म्हणजे माणसांचा वापर, आणि तोच थांबलेला असतो. आपल्या आश्रमशाळेत मे महिन्यात हेच होईल: मुलं घरी, हौदात घाण नाही, आणि जूनमध्ये एकदम शेकडो जणांचा भार. अशा वेळी पाण्याचा रंग, वास आणि प्राणवायू रोज पाहून पंप कमीजास्त करणारा जाणता माणूस लागतो. बांधकामाला एकदाच निधी मिळतो. या माणसाचा पगार दरमहा, सुट्टीतही, द्यावा लागतो, आणि बहुतेक अंदाजपत्रकांत त्यासाठी रकानाच नसतो.