शेळीचे सगेसोयरे: सजीवांच्या वर्गीकरणातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

सजीवांचे वर्गीकरण हा शाळेत सर्वांत जास्त पाठ केला जाणारा आणि सर्वांत कमी समजून घेतला जाणारा धडा आहे. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही सात नावे ओळीने म्हणता आली की धडा संपला असे मुलांना वाटते. त्यातून एक मोठा गैरसमज पक्का होतो. दिसायला सारखे, एकाच ठिकाणी राहणारे किंवा एकाच उपयोगाचे जीव शास्त्रज्ञांनी आपल्या सोयीसाठी एकेका गटात घातले, असा तो समज. वस्तुस्थिती अशी की आजचे वर्गीकरण ही सजीवांची वंशावळ आहे. कोणाचा पूर्वज कोणाशी एक होता हे पुराव्यानिशी शोधायचे आणि त्यानुसार गट पाडायचे, हे तिचे मूळ तत्त्व. रूप, राहण्याची जागा आणि उपयोग या तिन्ही गोष्टी इथे चकवतात. हे पटवून घ्यायला धाराशिव जिल्ह्यात प्रयोगशाळा शोधावी लागत नाही, गोठ्यातली शेळी पुरेशी आहे.

जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले, तरी काळीभोर, काटक, दुष्काळातही तग धरणारी आणि पुष्कळदा जुळी करडे देणारी इथली शेळी आजही उस्मानाबादी म्हणूनच ओळखली जाते. तिची ख्याती एवढी की ती शास्त्रीयदृष्ट्याही वेगळी जाती असावी असे अनेकांना वाटते. तसे नाही. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ, इतकेच काय दक्षिण आफ्रिकेतली बोअर, या सगळ्या शेळ्यांचे शास्त्रीय नाव एकच आहे: कॅप्रा हिरकस. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात रानटी शेळी माणसाळली. पुढे वेगवेगळ्या मुलखांतल्या हवामानाने आणि माणसाने केलेल्या निवडीने रंग, कान, वजन यांत फरक पडत गेले. पण बोअर बोकड आणि उस्मानाबादी शेळी यांची करडे मोठी झाली की स्वतः गाभण राहतात, व्यातात. घोडा आणि गाढव यांचे खेचर मात्र जवळजवळ नेहमीच वांझ असते. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२ आणि खेचराची ६३, त्यामुळे पुढच्या पिढीसाठी त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत. म्हणून घोडा आणि गाढव या दोन जाती, आणि सगळ्या पाळीव शेळ्या मिळून एक. (ही कसोटी सगळीकडे लागू पडत नाही. जिवाणूंमध्ये नर-मादीच नसतात, तिथे दुसरे पुरावे पाहावे लागतात.)

आता शेळीचे नातेवाईक. मेंढी तिच्या जवळची हे कोणीही सांगेल. शेळीची शेपटी वर उचललेली, मेंढीची खाली लोंबणारी, शेळीची गुणसूत्रे ६० आणि मेंढीची ५४, पण दोघी एकाच बोव्हिडी कुलातल्या. अडचण येते ती काळविटापाशी. धाराशिव-सोलापूरच्या माळरानावर, विशेषतः नान्नजच्या माळढोक अभयारण्यात, काळविटांचे कळप दिसतात. आपण त्यांना सरसकट हरीण म्हणतो आणि चितळ-सांबरांचे भाऊबंद समजतो. नीट पाहायचे ते शिंगांकडे. चितळाचे शिंग म्हणजे नुसते हाड. त्याला फाटे फुटतात, वाढताना त्यावर मखमली कातडे असते आणि ते शिंगच गळून पडून पुन्हा नव्याने उगवते. काळविटाचे शिंग जन्मभर टिकते. त्याच्या आत हाडाचा गाभा असतो, त्यावर आपल्या नखांत असते त्याच केराटिनचे कडक आवरण असते, आणि त्याला पीळ पडला तरी फाटा कधी फुटत नाही. शेळीच्या शिंगाची रचना नेमकी अशीच आहे, गाय, म्हैस आणि नीलगाय यांचीही. म्हणजे काळवीट चितळापेक्षा शेळीच्या जवळचा. कार्ल लिनियसने १७५८ साली काळविटाला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याला थेट शेळीच्या, म्हणजे कॅप्रा या प्रजातीत ठेवले होते. पुढे त्याला स्वतंत्र प्रजाती मिळाली, कुल मात्र तेच राहिले.

यावर कोणी विचारेल, एका शिंगावरून नाते कसे ठरवायचे? उद्या कोणी म्हणेल, खूर पाहा, म्हणजे शेळी आणि घोडा जवळचे ठरतील. शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर हेच की एका लक्षणावर निकाल देत नाहीत. एकमेकांशी संबंध नसलेले अनेक पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हाच नाते मान्य होते. शेळी आणि घोड्याचेच घ्या. प्रत्येक पायात शेळीचे वजन दोन खुरांवर पडते, घोड्याचे एका खुरावर. शेळीच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक छोटे हाड असते, त्याची वरची आणि खालची अशी दोन्ही टोके विहिरीवरच्या रहाटाच्या चाकासारखी खाचेची असतात. गाय, डुक्कर, उंट, हरीण अशा सर्व समखुरी प्राण्यांत ते असेच सापडते. घोड्यात फक्त वरचे टोक खाचेचे, खालचे सपाट. २००१ मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांच्या जीवाश्मांत हेच दोन्हीकडे खाचेचे हाड मिळाले. त्याआधीच डीएनएच्या तुलनेतून देवमासे पाणघोड्याच्या नात्यातले असल्याचे दिसू लागले होते. जम्मूच्या कालाकोट भागातल्या इंडोह्यस या लहानशा खुरवाल्या प्राण्याच्या, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या कानाजवळच्या हाडाला तशीच जाड भिंत आढळली, जी तोवर देवमाशांच्या वंशाचीच खूण मानली जात होती. घोटा, कान आणि डीएनए हे तीन वेगळे साक्षीदार एकच सांगतात. देवमासा मासा नाही हे तर खरेच, शिवाय शेळी घोड्यापेक्षा देवमाशाच्या जवळची आहे. डोळ्यांना पटणार नाही, पण पुरावा डोळ्यांच्या सवयीपेक्षा मोठा आहे.

दुसरा आक्षेप शेतातून येतो. शेतकऱ्याची स्वतःची विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती काय चुकीची? मुळीच नाही. बाजारात सोयाबीन, भुईमूग, करडई आणि सूर्यफूल तेलबियांत मोजतात आणि तूर-हरभरा कडधान्यांत. तेल काढायचे की डाळ करायची, हे ठरवायला ती विभागणी योग्यच आहे. पण ती नाते सांगत नाही. तुरीचे फूल हातात घेऊन पाहा. मागे एक मोठी पाकळी, दोन बाजूंना दोन आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली नाव. हरभरा, सोयाबीन आणि भुईमूग यांच्या फुलांचाही हाच साचा. ही चारही पिके शिंबावंत कुलातली, आणि शेंगांवरून लक्षात येईल की बांधावरची बाभूळ आणि चिंचही त्याच कुलातली आहेत. करडई आणि सूर्यफूल झेंडू-शेवंतीच्या कुलात जातात, तर ज्वारी, ऊस, बांबू आणि हराळी हे सगळे गवतच. नाते माहीत असले की पुढचे अंदाज बांधता येतात, आणि उपयोगावरून केलेल्या गटाला हे जमत नाही. तुरीच्या आणि सोयाबीनच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी असतात, करडई तेलबिया असूनही तिच्यावर नसतात. पीपीआर या रोगाची साथ शेळ्यांत आली तर मेंढ्यांचीही काळजी घ्यावी लागते, घोड्याची नाही.

सर्वांत जिव्हारी लागणारा आक्षेप असा की शास्त्रज्ञच वर्गीकरण सारखे बदलतात, मग त्यावर विसंबायचे कशाला? बदल झाले आहेत, आणि मोठे झाले आहेत. लिनियसने आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथात १७३५ मध्ये देवमाशांना माशांत घातले आणि १७५८ च्या आवृत्तीत स्वतःच त्यांना सस्तन प्राण्यांत हलवले. त्याच आवृत्तीत त्याने वटवाघळाला सस्तनांत बरोबर ठेवले, कारण त्याला केस असतात आणि मादी पिल्लांना दूध पाजते. पण गण मात्र माणूस आणि माकडांचा दिला, तो पुढे बदलावा लागला. पावसाळ्यात उगवणारी अळंबी दीर्घकाळ वनस्पतींत मोजली जाई. तिच्यात हरितद्रव्य नाही आणि तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते. रॉबर्ट व्हिटाकरने १९६९ मध्ये पंचसृष्टी पद्धतीत कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली, आणि पुढे डीएनएने दाखवले की कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहेत. यातला एकही बदल कोणाच्या लहरीने झालेला नाही. प्रत्येक वेळी नवा पुरावा आला आणि जुना गट त्याच्यापुढे टिकला नाही. जे मत कोणत्याच पुराव्याने बदलत नाही, त्याच्यावर विसंबणे जास्त धोक्याचे.

म्हणून आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. प्राण्याचा वर्ग लिहिताना त्याच्यापुढे 'कारण' असे लिहा आणि निदान दोन लक्षणे द्या. शिक्षकांनीही गुण त्या कारणाला द्यावेत.