जमिनीत उतरणारा उन्हाळा

एडिनबरा विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स डेव्हिड फोर्ब्स यांनी 1837 साली शहरात तीन ठिकाणी तापमापक पुरले: कॅल्टन टेकडीवरच्या वेधशाळेजवळ ट्रॅप कातळात, एका बागेतल्या वाळूत आणि क्रेगलीथच्या खाणीतल्या वालुकाश्मात. प्रत्येक ठिकाणी चार; 3, 6, 12 आणि 24 फ्रेंच फुटांवर, म्हणजे सर्वांत खोल सुमारे 7.8 मीटरवर. दर आठवड्याला नोंद होई. अंतरागणिक तापमान कसे बदलते हे दोन आकड्यांच्या वजाबाकीतून कळत नाही, मधे काय आहे आणि मोजणी केव्हाची आहे हेही विचारावे लागते, याचा मला सर्वांत पटणारा पुरावा या नोंदींत आहे. उन्हाळ्यात वरचा थर तापलेला आणि खालचा गार, हिवाळ्यात नेमके उलटे. वर्षभराच्या नोंदी ओळीने मांडल्या की दिसते, उष्णतेची लाट खाली झिरपताना क्षीण होत जाते आणि उशिराने पोचते. 24 फुटांवर वालुकाश्मात वर्षातला सर्वांत उबदार काळ नोव्हेंबरात आला. वाळूत आणि ट्रॅपमध्ये वर्ष सरता सरता. शहर एक, ऊन एक, खोली एक. फरक पडला तो मधल्या दगडमातीमुळे.

मोजणी मोठी किचकट होती. अल्कोहोलचा फुगा तळाशी, मोजपट्टी जमिनीवर आणि त्यांना जोडणारी लांबलचक नळी सगळ्या थरांतून वर आलेली. नळीतले अल्कोहोलही वाटेतल्या थरांच्या तापमानाप्रमाणे प्रसरण पावे, म्हणून वाचलेला आकडा दुरुस्त करावा लागे. त्यापेक्षा खडकाचा तुकडा प्रयोगशाळेत का तापवू नये? कारण तुकड्याबरोबर जमिनीतली ओल आणि भेगा येत नाहीत.

याहून गंभीर आक्षेप निष्कर्षाचा आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी या नोंदींतून खडकांची उष्णतावाहकता काढली, दर 50 फुटांना सुमारे एक अंश फॅरनहाइट ही खोलीबरोबरची तापमानवाढ तिला जोडली आणि 1862 मध्ये पृथ्वीचे वय 2 ते 40 कोटी वर्षे ठरवले. आज ते सुमारे 454 कोटी मानतात. मग मोजणी फसली का? मुळीच नाही. पृथ्वीच्या पोटातही उष्णता घट्ट खडकातून जावी तशीच जाते, हे त्यांचे गृहीतक कच्चे होते. जॉन पेरी यांनी 1895 मध्ये नेमके तिथेच बोट ठेवले. फोर्ब्स यांचे आकडे आठ मीटरांच्या आतले होते, आणि तेवढ्या जमिनीपुरते ते आजही खरे आहेत.