सावकाराच्या वहीतले नाटक

फिलिप हेन्स्लो हा लंडनचा पक्का व्यवहारी माणूस. घरभाडी, गहाणवट, कपड्यांच्या खळीचा धंदा, जिथे पैसा सुटेल तिथे त्याचा हात. १५८७ साली त्याने थेम्सच्या दक्षिण काठावर 'रोझ' नावाचे नाटकघर उभारले. १५९२ पासून तो ज्या वहीत त्याचा हिशेब लिहू लागला ती मुळात भावाची होती, लोखंडाच्या भट्टीच्या हिशेबाची. उरलेली पाने वाया का घालवा, म्हणून त्यांवर रोजचा गल्ला, नाटककारांना दिलेली उचल, झग्यांच्या किमती आणि मधूनच घरगुती औषधांचे उतारे. ३ मार्च १५९२ रोजी सहाव्या हेन्रीवरच्या एका नाटकाने त्याला ३ पौंड १६ शिलिंग ८ पेन्स मिळवून दिले. अभ्यासक ते नाटक शेक्सपिअरचे मानतात. मात्र शेक्सपिअर हे नाव या वहीत एकदाही येत नाही. नाटक कोणी लिहिले यात गल्ला मोजणाऱ्याला काय रस असणार?

सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या युरोपीय रंगभूमीच्या अभ्यासाने गेल्या शंभरेक वर्षांत जी दिशा धरली, तिचा उगम माझ्या मते अशा वह्यांत आहे. त्या काळच्या नाटकवाल्यांनी स्वतःची आठवण फारशी जपली नाही. ती जपली सावकारांनी, वकिलांनी, नोटरींनी आणि नाटक बंद पाडू पाहणाऱ्या नगरपालांनी.

ही वही आज लंडनमधल्या डलिच कॉलेजात आहे. हेन्स्लोचा जावई, म्हणजे सावत्र मुलीचा नवरा, नटवर्य एडवर्ड ॲलन याने ते विद्यालय स्थापले आणि सासऱ्याचे कागद तिथेच राहिले. एकोणिसाव्या शतकात जॉन पेन कॉलियर या नावाजलेल्या विद्वानाच्या हाती ते पडले. १८४५ मध्ये त्याने वही छापली, पण मूळ कागदांवर आपल्या पदरच्या नोंदीही घुसडल्या. जॉर्ज वॉर्नरने १८८१ च्या सूचीत ही लबाडी उघड केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेगने वहीची चोख आवृत्ती काढली. या विषयाला कागद तपासून घेण्याची जी खोड आहे, ती कॉलियरने लावली असे म्हणायला हरकत नाही.

पुढे ई. के. चेंबर्सचे चार खंड (१९२३) आले, त्यामागून जी. ई. बेंटलीचे सात. दोघांनी नाटकमंडळ्या, नट, नाटकघरे यांची दप्तरे लावून दिली. तरी विद्यापीठांत बराच काळ वर्चस्व राहिले ते संहितेचे. हॅम्लेट का कचरतो, लिअर कुठे चुकतो, हेच प्रश्न. आगरकरांच्या 'विकारविलसित'पासून (१८८३) विंदांच्या 'राजा लिअर'पर्यंत मराठीनेही शेक्सपिअरला बहुतांशी याच वाटेने आपलेसे केले. ती वाट थोर आहेच. पण नाटक दुपारच्या उजेडात, सहा दिवस सहा वेगळी नाटके करणाऱ्या मंडळीकडून होई, हे त्या वाटेवर दिसत नाही. रोझमध्ये खेळणाऱ्या ॲडमिरलच्या मंडळीने १५९४-९५ च्या हंगामात ३८ नाटके केली, त्यातली २१ नवी! तालमी कधी होत असतील?

त्याचे उत्तर शोधले टिफनी स्टर्न यांनी. नटाला पूर्ण संहिता मिळतच नसे. मिळे ती फक्त त्याची नक्कल: स्वतःची वाक्ये आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते शब्द कोण बोलणार, हेही लिहिलेले नसे. ॲलनने केलेल्या ऑर्लांडोच्या भूमिकेची अशी नक्कल डलिचलाच आहे. नट घरी एकट्याने पाठ करी, सगळ्यांनी मिळून तालीम फार थोडी. सायमन पॉल्फ्री आणि स्टर्न यांच्या २००७ च्या पुस्तकाने यातून पुढचा मुद्दा काढला. एकच सूचक शब्द संवादात दोनदा आला तर नट चुकून लवकर तोंड उघडणार, आणि शेक्सपिअर ही घाई मुद्दाम घडवून आणत असावा. काही ठिकाणी हा तर्क ताणलेला वाटतो. तरी शायलॉकचे संवाद त्यानंतर पूर्वीसारखे वाचता येत नाहीत, एवढे खरे.

१९८९ मध्ये लंडनला कचेऱ्यांच्या इमारतीसाठी पाया खणताना रोझचे अवशेष सापडले. नट रस्त्यावर उतरले, इमारतीचा आराखडा बदलावा लागला आणि अवशेष वाळू-पाण्याखाली झाकून ठेवण्यात आले. मौज अशी की हेन्स्लोच्या वहीत १५९२ चा विटा, चुना, लाकूड, रंग यांचा मोठा खर्च आहे, आणि तो डागडुजीचा असेल असे समजले जाई. मातीने सांगितले की ती डागडुजी नव्हती. रंगमंच मागे सरकवून घर वाढवले होते. जमिनीत हेझलनटची टरफले भरपूर निघाली. प्रेक्षक नाटक बघत दाणे फोडत बसायचे, असे चित्र लगेच रंगले. अभ्यासकांनी मग दाखवून दिले की शेजारच्या साबण कारखान्यातली राख आणि टरफले जमीन घट्ट करायला आणून टाकली असावीत. २०१६ मध्ये लंडनचेच 'कर्टन' हे दुसरे जुने नाटकघर खणले गेले आणि ते चक्क आयताकृती निघाले. 'पाचवा हेन्री'च्या सूत्रधाराच्या तोंडी नाटकघराच्या लाकडी वर्तुळाचा उल्लेख आहे आणि ते नाटक प्रथम कर्टनमध्ये झाले असे अनेकजण मानत. त्यांना पुन्हा विचार करावा लागला.

इंग्लंडपलीकडचे कागद तर अधिक बोलके. २५ फेब्रुवारी १५४५ रोजी इटलीत पादुआच्या नोटरीपुढे माफिओ नावाच्या नटाने सात साथीदारांसह करार केला. व्यावसायिक नाटकमंडळीचा हा सर्वांत जुना ज्ञात करारनामा. सामान वाहायला घोडा घ्यायचा, तोही सगळ्यांच्या खर्चाने. गल्ल्याच्या पेटीला तीन किल्ल्या. कोणी आजारी पडला तर सामाईक पैशातून मदत. आणि आपापसात पत्ते खेळायचे तर फक्त खाण्याच्या जिनसा लावून. अटी वाचूनच त्या मंडळीतली भांडणे कळतात. १५६४ मध्ये रोमच्या अशाच एका करारात सिएनाच्या लुक्रेत्सियाचे नाव येते. स्त्री नटी व्यवसायात आली होती. इसाबेला आंद्रेइनीने तर १५८८ मध्ये स्वतःचे नाटक छापले. १६०४ मध्ये ती लियाँला वारली तेव्हा शहराने तिला मानाने निरोप दिला.

इंग्लंडात व्यावसायिक रंगमंचावर १६६० पर्यंत पोरेच नायिका होत, म्हणून तिथली रंगभूमी पुरुषांचीच असा समज होता. टोरांटोहून १९७९ पासून निघू लागलेल्या गावोगावच्या नोंदींच्या खंडांनी तो ढिला केला. चर्च, नगरपालिका, सरदारघराणी यांच्या हिशेबांत नाचणाऱ्या, गाणाऱ्या, सोंगे आणणाऱ्या बाया दिसू लागल्या. याच खंडांत न खेळताच निघून जाण्यासाठी नटांना पैसे दिल्याच्या नोंदीही आहेत.

माद्रिदची तऱ्हा निराळी. तिथली कोराल, म्हणजे घरांमधल्या अंगणांतली नाटकघरे, धर्मादाय मंडळांच्या हाती होती. 'क्रुस' १५७९ चे, 'प्रिन्सिपे' १५८३ चे. उत्पन्नातला वाटा इस्पितळांना जाई. पाद्री नाटकाला पाप म्हणत आणि त्याच नाटकावर रुग्णांची भाकरी शिजे! बंदी आली की इस्पितळांच्या उत्पन्नाचा मुद्दा पुढे करून ती उठवायची खटपट होई. बायकांसाठी वेगळा सज्जा, वेगळे दार. हे सगळे हिशेबांत आणि नियमांत नोंदले गेले. जे. ई. वॅरी आणि एन. डी. शेरगोल्ड यांनी ते कागद खंडामागून खंड छापले.

या सगळ्या माहितीवरून नाटकघरेच पुन्हा बांधावीत, हा मोह अमेरिकी नट सॅम वॉनामेकरला झाला. शेक्सपिअरच्या मंडळीच्या 'ग्लोब' नाटकघराच्या धर्तीवरचे लंडनचे नवे ग्लोब १९९७ मध्ये उघडले, तेव्हा तो हयात नव्हता. तिथे बरेच शिकायला मिळाले, विशेषतः उभ्या प्रेक्षकाला नट दिवसाउजेडी दिसतो आणि नटालाही प्रेक्षक, याचा परिणाम. पण मूळ ग्लोब याहून लहान असावे असे आता पुरातत्त्ववाले म्हणतात. शिवाय प्रेक्षक आजचाच. हसतो कुठे, गप्प होतो कुठे, यावरून १५९९ च्या प्रेक्षकाबद्दल अनुमान काढणारे लेख मी जरा सावधपणे वाचतो.

सर्वांत ओसाड भाग हरवलेल्या नाटकांचा. १५६७ ते १६४२ या काळात लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीसाठी तीनेक हजार नाटके लिहिली गेली असावीत, असा डेव्हिड मॅकइनिस यांचा अंदाज. उरली आहेत साडेपाचशेच्या आसपास. बाकीच्यांपैकी काहींची हेन्स्लोच्या वहीसारख्या कागदांत नुसती नावे, बहुतेकांची तीही नाहीत. उरलेली नावे गोळा करण्याचे काम २००९ पासून चालू आहे. माझ्या लेखी हे काम शेक्सपिअरवरच्या आणखी एका ग्रंथाहून मोलाचे.

कर्ता ठरवण्याच्या कामात आता संगणक उतरला आहे. २०१६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने 'सहावा हेन्री'च्या तिन्ही भागांवर शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो याचे नाव सहलेखक म्हणून घातले आणि भांडण पेटले. ते अजून विझलेले नाही. त्यामानाने स्पेनमधली गोष्ट समाधानकारक. आल्वारो क्वेयार आणि हेरमान वेगा या अभ्यासकांनी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातली जुनी हस्तलिखिते यंत्राकडून वाचून घेतली. त्यांत 'ला फ्रान्सेसा लाउरा' हे निनावी नाटक शब्दांच्या वळणावरून स्पॅनिश नाटककार लोपे द वेगाच्या नाटकांशी जुळले. २०२३ मध्ये हे जाहीर झाले. हस्तलिखित लोपेच्या मृत्यूनंतर, म्हणजे १६३५ नंतर, बऱ्याच वर्षांनी उतरवलेले. यंत्राने बोट दाखवल्यावर दोघांनी जुन्या रीतीने छंद मोजले, शब्दप्रयोग ताडून पाहिले. फ्रेंच माणसे नाटकात एवढ्या आपुलकीने रंगवली आहेत, तर फ्रान्स आणि स्पेनचे थोड्या काळापुरते जुळले होते तेव्हाचेच ते असणार. म्हणून वर्षे ठरली १६२८ ते १६३०.