भाव आहे, चांदी नाही

गोव्याकडून खानापूरच्या रस्त्याने बेळगावात येणाऱ्यास शहराच्या आधी उद्यमबाग भेटते. ओतशाळांचा धूर, लेथ यंत्रांची घरघर आणि पाळी सुटताच रस्त्यावर लोटणारी दुचाकींची रांग, असे या वसाहतीचे रूप. लोखंडाच्या या राज्यात चांदीचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे, आणि ते दुहेरी आहे. धातू कापणाऱ्या हत्याराच्या पोलादी दांड्यावर कार्बाईडचे टोक बसवावयाचे ते चांदीमिश्रित झाळाने. विजेच्या स्विचमध्ये जेथे प्रवाह जुळतो आणि तुटतो, त्या बिंदूवरही चांदीच लागते. ही झाली कारखान्याची गरज. दुसरी गरज कामगाराची. दिवाळीच्या तोंडावर हाती आलेल्या बोनसातून किराणा, मुलांचे कपडे आणि थकलेला हप्ता वजा जाता जे चार पैसे उरतात, त्यांची धनत्रयोदशीला चांदी घ्यावयाची, हा या भागातील कित्येक घरांचा रिवाज आहे. सोने केव्हाच आवाक्याबाहेर गेले. चांदी तेवढी आपली उरली होती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हे दोन्ही ग्राहक एकाच वेळी एकाच गल्लीत शिरले आणि दोघेही हात हलवीत परतले.

त्या वर्षी धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला, शनिवारी आली. तिच्या आदल्या दोन दिवसांत आम्ही स्वतः शहापूरच्या सराफ गल्लीपासून खडेबाजारापर्यंत पायपीट केली. आमची मागणी काही कुबेराची नव्हती. शंभर ग्रॅमची एक वीट हवी होती. पहिल्या दुकानी मालकांनी मान हलविली आणि चहा सांगितला. दुसऱ्या दुकानी नाव लिहून घेण्याची तयारी होती. मात्र पैसे आज पूर्ण भरावयाचे, माल दिवाळीनंतर, आणि भाव त्या दिवशी जो असेल तो! ही खरेदी होती की बिनव्याजी ठेव, हे आम्हाला उमगले नाही. तिसऱ्या ठिकाणी लक्ष्मीची छाप असलेली दहा ग्रॅमची नाणी होती, परंतु फळ्यावर लिहिलेल्या भावाशी त्यांच्या किमतीचे नाते दूरचेच होते. चौथ्याने मोठ्या आर्जवाने पैंजणांचे जोड पुढे मांडले. वीट कशाला, हे घ्या, घरात शोभेल, असा त्याचा सल्ला. सल्ला वाईट नव्हता. पण पैंजणाची घडणावळ देऊन घेतलेली चांदी मोडीत घालताना ती घडणावळ बुडते, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. निपाणीला गेलेल्या आमच्या एका स्नेह्यांचा अनुभव याहून निराळा नव्हता. तेथे त्यांना बेळगावला जाऊन पाहा, असे सांगण्यात आले.

या सर्व दुकानांतून एक गोष्ट मात्र विनासायास मिळत होती, ती म्हणजे भाव. २०२५ सालच्या आरंभी किलोला नव्वद हजारांच्या आसपास असलेली चांदी त्या आठवड्यात वायदेबाजारात एक लाख सत्तर हजारांवर गेली होती, आणि प्रत्यक्ष दुकानात एक लाख नव्वद हजारांची भाषा चालली होती. दोन आकड्यांमधील हे वीस हजारांचे अंतर हाच त्या वेळच्या टंचाईचा खरा मापदंड होय. वायद्याचा भाव सांगतो की कागदावर चांदी कितीला आहे. हजर मालाचा भाव सांगतो की ती तुमच्या तळहातावर पडण्यास किती लागेल. एरवी या दोहोंत फारसे अंतर नसते. ज्या दिवशी ते पडते, त्या दिवशी कागद आणि धातू या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे सामान्य माणसाला कळते.

सराफांनी साठा दडविला, असा बोभाटा तेव्हा झाला. काहींनी दडविलाही असेल. व्यापारी संत नसतो. परंतु सगळे खापर आमच्या गल्लीतील दुकानदाराच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. चांदी खरोखरच अडकली होती, आणि ती सातासमुद्रापार अडकली होती. जगातील हजर चांदीचा मुख्य बाजार लंडनचा. अमेरिका आयातीवर जकात बसवील या भीतीने २०२५ च्या पूर्वार्धात पुष्कळ चांदी लंडनहून न्यूयॉर्कला हलविली गेली होती. जी उरली, तिच्यातील मोठ्या हिश्शावर गुंतवणूक-फंडांच्या मालकीच्या चिठ्ठ्या लागलेल्या होत्या. तिजोरी भरलेली, पण विकावयास माल नाही, अशी ती अवस्था. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनचा बाजार सुटीमुळे बंद राहिला आणि नेमक्या त्याच वेळी भारताची दिवाळी दारात आली. १७ ऑक्टोबरला लंडनचा भाव औंसाला ५४ डॉलरच्या वर जाऊन त्याच दिवशी घसरला. उसनी चांदी घेण्याचे व्याज तर असे चढले, की न्यूयॉर्कच्या विटा विमानाने परत लंडनला आणणेही व्यापाऱ्यांना परवडू लागले.

भाव वाढला म्हणजे खाणीतून जास्त चांदी निघेल, हा समजही चांदीला लागू पडत नाही. जगातील बहुतेक चांदी ही तांबे, शिसे व जस्त यांच्या खाणीतून जोडीने निघणारी वस्तू आहे. आपल्याकडेही ती मुख्यतः राजस्थानातील जस्त-शिशाच्या खनिजांबरोबर येते. जस्ताला मागणी नसेल, तर केवळ चांदीसाठी खाण दुप्पट खणली जात नाही. इकडे सौरऊर्जेच्या तबकड्यांपासून मोटारींपर्यंत चांदीची भूक वाढत चालली आहे. २०२४ साली भारताने साडेसात हजार टनांहून अधिक चांदी बाहेरून आणली, यावरून आपले परावलंबित्व ध्यानी यावे. त्याच वर्षीच्या जुलैत आयातशुल्क पंधरा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आले, हे खरे. पण शुल्क उतरले म्हणून नसलेला माल येत नाही.

त्यात आणखी एक नवा गिऱ्हाईक बाजारात उतरलेला आहे. रोख्यांप्रमाणे शेअरबाजारात विकले जाणारे चांदीचे फंड भारतात २०२२ पासून सुरू झाले. त्यांना जमा पैशाइतकी खरी चांदी, तीही तीस-तीस किलोंच्या विटांच्या रूपात, तिजोरीत ठेवावी लागते. म्हणजे मुंबईत संगणकावर बसून चांदीचा 'कागद' घेणारा गुंतवणूकदार वस्तुतः उद्यमबागेतील फिटरच्या शंभर ग्रॅमवरच हक्क सांगत असतो. फरक इतकाच की त्याच्या मागे तीस किलोंची वीट आहे आणि फिटरच्या मागे त्याचा बोनस. त्या ऑक्टोबरात हजर चांदी इतकी महाग झाली की काही म्युच्युअल फंडांनीही एकरकमी नवे पैसे घेणे काही काळ थांबविले. तीस किलोवाल्यांची ही गत, तर शंभर ग्रॅमवाल्याने कोणाकडे दाद मागावी?

आमच्या किनारपट्टीवरील ज्या वाचकांनी साठी-सत्तरी ओलांडली आहे, त्यांना या साऱ्याची एक गंमत वाटेल. एके काळी हीच चांदी या किनाऱ्यावरून बाहेर जात असे. साठ-सत्तरच्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावरून चांदीच्या विटा गलबतांतून चोरट्या मार्गाने दुबईकडे जात आणि बदल्यात सोन्याची बिस्किटे येत. सरकारने १९७४ साली चांदीची निर्यात खुली केली आणि १९७९ साली पुन्हा बंद केली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८० मध्ये, टेक्सासच्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी पन्नास डॉलरच्या घरात नेली, आणि २७ मार्चला ती अकरा डॉलरच्या आसपास कोसळली. त्या भावाचा उच्चांक मोडावयास पंचेचाळीस वर्षे लागली. चांदीत पैसा बुडत नाही, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ही पंचेचाळीस वर्षे मोजून पाहावीत.

असो. टंचाईचा खरा तडाखा कोणाला बसला, हे पाहावयाचे तर सराफ गल्ली सोडून निपाणीच्या पुढे हुपरीस गेले पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातील या गावाला चंदेरी नगरी म्हणतात, ते उगीच नव्हे. सोने पायात घालू नये, हा आपला संकेत. त्यामुळे पैंजण आणि जोडवी चांदीचीच. आणि देशातील असंख्य पायांतले पैंजण हुपरीचे. हुपरीभोवतीच्या रेंदाळ, पट्टणकोडोली या गावांत आणि कर्नाटकाच्या हद्दीतील मांगूरसारख्या गावांतही घरोघर हे काम चालते. कोणी तार ओढतो, कोणी कड्या जोडतो, कोणी झाळ देतो, कोणी उजाळा देतो; घुंगरू गुंफण्याचे काम बायकांच्या हाती. राज्यांची सीमारेषा या कामाच्या मधून गेली आहे, पण घुंगराला त्याचा पत्ता नाही.

या धंद्याची रीत अशी की हिशेब रुपयांत नव्हे, वजनात चालतो. व्यापारी कच्ची चांदी तोलून देतो, कारागीर तितक्याच वजनाचा माल, ठरलेली घट वगळून, परत करतो आणि मजुरी घेतो. टंच आणि वजन जुळले की व्यवहार पुरा. अशा धंद्यात भाव दुप्पट झाला म्हणजे कारागिराची मजुरी दुप्पट होत नाही. दुप्पट होते ते भांडवल. पाच किलो चांदीवर आठवडा चालविणाऱ्या लहान उत्पादकाला वर्षारंभी साडेचार लाख गुंतवावे लागत होते. ऑक्टोबरात त्याच पाच किलोंना साडेआठ-नऊ लाख लागले. ज्याने राजकोट-आग्ऱ्याच्या व्यापाऱ्याला माल उधार दिला आणि रुपयांत वसुली ठरविली, त्याच्या हाती रुपये पूर्ण आले, पण त्या रुपयांत मूळची चांदी परत येईना. नफा मांडून तोट्यात जाण्याचा हा प्रकार आहे. शिवाय गिऱ्हाईक हलका पैंजण मागू लागते आणि हलक्या पैंजणात काम कमी. व्यापाऱ्याकडे विटाच नसतील तर तेही नाही. भाव चढल्याची बातमी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येते; तार ओढण्याचे यंत्र दुपारीच बंद पडल्याची कोठेच येत नाही.

आमची सूचना या ठिकाणी आहे. सोन्याच्या दागिने-उत्पादकाला बँकेकडून रुपयांऐवजी सोनेच कर्जाऊ मिळण्याची सोय आपल्याकडे आहे. सोने घ्यावे, दागिना घडवावा, विकून कर्ज फेडावे. मधल्या तेजी-मंदीची धास्ती त्याला बाधत नाही. चांदीच्या लहान कारागिरासाठी तशीच सोय, आणि तीही हुपरी-निपाणी पट्ट्यातील सहकारी बँकांच्या मार्फत, का होऊ नये? साखर आणि सूत यांच्यासाठी सहकाराने या भागात काय केले नाही? एका राज्याची योजना दुसऱ्या राज्यातील मांगूरला लागू नाही, अशी अडचण कोणी काढील. ती काढणाऱ्यांनी प्रथम कामाच्या घरात जाऊन, वीट कोणत्या राज्यातून आली आणि घुंगरू कोणत्या राज्यात लागले, हे वेगळे करून दाखवावे.

खरीददारांसाठीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण टंचाईत डोळसपणा पहिला हरपतो. जर्मन सिल्व्हर नावाच्या पांढऱ्या धातूत तांबे, निकेल व जस्त असते. चांदी नावापुरतीही नसते. दिवाळीच्या घाईत निरांजने आणि तबके घेताना हे ध्यानात ठेवावे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांवर हॉलमार्कसोबत सहा अंकाक्षरांचा ओळख क्रमांक उमटविण्याची पद्धत आली, पण तिची सक्ती करण्यात आली नाही. तेव्हा मागणे हे ग्राहकाचे काम. आणि वीट घ्यावी की पैंजण, या प्रश्नाला रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये एक अनपेक्षित उत्तर देऊन ठेवले आहे. तिच्या निर्देशांप्रमाणे चांदीच्या दागिन्यांवर दहा किलोपर्यंत आणि नाण्यांवर पाचशे ग्रॅमपर्यंत कर्ज देता येते, मात्र विटेवर नाही. अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही मुदत घालून दिलेली आहे. आमच्या चौथ्या दुकानदाराला हे ठाऊक असते, तर त्याचा सल्ला अधिक वजनदार झाला असता.

टंचाईच्या त्या दिवसांत गल्लीत एक गोष्ट मात्र उलट्या दिशेने वाहत होती. जेथे विकावयास वीट नव्हती, तेथे विकत घेण्यास सगळे उत्सुक होते. आजीच्या डब्यातून निघालेले राणीछाप रुपये तराजूवर येत होते. जुना कलदार रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. एकेका रुपयातील निव्वळ धातूच तेव्हा अठराशे रुपयांचा झाला होता. अर्थात घेताना 'मोडीचा भाव' आणि देताना 'आजचा भाव', हा सराफीचा सनातन नियम टंचाईतही ढळला नाही. आम्ही पाहिले, एका वृद्ध बाईंनी पाच रुपये मोडावयास आणले, आकडा ऐकला, आणि ते पुन्हा पदरात बांधून त्या पायऱ्या उतरल्या.

दिवाळी सरली आणि दहा दिवसांत वायदा दीड लाखाच्या खाली उतरला. धनत्रयोदशीला रांगेत उभे राहिलेल्यांनी कपाळावर हात मारला. डिसेंबरात तोच दोन लाखांपलीकडे गेला, तेव्हा तो हात खाली आला. आमची शंभर ग्रॅमची वीट आम्हाला तुळशीचे लग्न लागल्यावर मिळाली. दुकानदारांनी ती तोलून, कागदात गुंडाळून हाती दिली आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "घरात जुनी मोड काही आहे का, साहेब?"