घरातले इंटरनेट – लेखांक ९ : नवतपा आणि राउटर

मेशबद्दल या आठवड्यात लिहायचे कबूल केले होते. ते एक आठवडा पुढे ढकलतो, कारण नवतपा तोंडावर आला आहे आणि हिंगणघाटच्या एका वाचकाचा प्रश्न अगदी वेळेवर आला आहे. पहाटे नेट सुसाट चालते, दुपारी एकनंतर अडखळते; राउटर चार वर्षांचा झाला, नवा घ्यावा का? माझे मत असे, की वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात राउटर बदलायचा निर्णय घेऊच नये. आधी जुन्याला उन्हाळ्यातून बाहेर काढून पाहावे.

बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात शेवटी एक बारीक ओळ असते : चालण्याचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि तोही सावलीतला. राउटरला पंखा नसतो. आतली चिप तापली की डब्याच्या फटींमधून गरम हवा वर निघून जाते आणि खालून थंड हवा आत येते, एवढीच त्याची सोय. आता आपण हा डबा कुठे ठेवतो ते पाहा. केबलवाल्याची वायर खिडकीच्या वरून आत येते, म्हणून तिथेच, छताच्या हातभर खाली, खिळा ठोकून तो टांगलेला असतो. सेवाग्रामच्या बापूकुटीत माती, बांबू आणि कवेलू आहेत. तापलेली हवा कवेलूंच्या फटींतून बाहेर पडते. स्लॅबच्या घरात ती वरच कोंडते, आणि दिवसभर पिऊन घेतलेले ऊन स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतो. खोलीत खाटेवर ४० अंश असतील तर छताजवळ त्याहून बरेच जास्त. अशा हवेत चिप स्वतःला वाचवण्यासाठी काम मंदावते, नाहीतर राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. तपासणे सोपे आहे. डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर जो पत्ता छापलेला असतो, तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाकून आत गेलात की ‘अपटाइम’ नावाची नोंद दिसते. वीज गेलेली नसताना संध्याकाळी तिथे दोन-तीन तासच दिसत असतील, तर राउटर दुपारी स्वतःहून बंद पडून सुरू झाला आहे. मग दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलफॅनचा वारा तासभर त्याच्यावर सोडा. तेवढ्याने नेट सुधारले, तर दोष उष्णतेचा.

पण फॅन लावूनही राउटर बंद-सुरू होत असेल, तर माझा संशय अ‍ॅडॉप्टरवर जातो. या काळ्या ठोकळ्याकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून त्याच्यावर थोडे जास्त लिहितो. त्याच्या आत विजेतला चढउतार सपाट करणारे कपॅसिटर असतात आणि त्यांच्यात एक द्रव असतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. म्हणजे तापलेल्या बोर्डवर, पडद्यामागे चार उन्हाळे काढलेला अ‍ॅडॉप्टर थकलेला असणे अगदी स्वाभाविक. फसगत अशी होते, की दिवे सगळे लागलेले दिसतात. घरात एकच फोन चालू असेल तोवर काम भागते. टीव्हीवर सिनेमा आणि दोन फोनवर व्हिडिओ सुरू झाले, राउटरने जास्त वीज मागितली, की व्होल्टेज कोसळते आणि डबा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. नवा अ‍ॅडॉप्टर काही शे रुपयांत येतो. जुन्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिले असेल तर नव्याचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि पिनेचा आकार व अधिक-उण्याची खूण जुळली पाहिजे. वीज गेली तरी नेट चालावे म्हणून अनेकांनी छोटा यूपीएस घेतला आहे. तो राउटरच्या खाली पायासारखा ठेवू नका. त्यातल्या लिथियमच्या सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज होणे सोसत नाही, आणि वरचा डबा त्यांना आणखी तापवतो.

आता कूलर. कूलरच्या मोटरमुळे वायफाय बिघडते असे बरेच जण सांगतात. ते खरे नाही, त्या मोटरचा वायफायच्या लहरींशी संबंध येत नाही. खरा अडथळा पत्र्याचा आणि पाण्याचा. पत्रा लहरी परतवतो, टाकीतले पाणी आणि भिजलेल्या वाळ्याच्या ताट्या त्या शोषतात. खिडकीतला राउटर आणि आपण यांच्यामध्ये भरलेला कूलर आला, की फोनवरच्या वायफाय मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये उणे ५० चा आकडा बराच खाली घसरतो. उणे ५० वरून उणे ८० ही घसरण ऐकायला किरकोळ वाटते, पण या मापात दर १० ला ताकद दहापट कमी होते. म्हणजे इथे हजारावा भागच उरला. शिवाय उन्हाळ्यात घराची वस्तीच हलते. सगळी माणसे, सगळे फोन कूलरच्या खोलीत जमतात आणि राउटर मात्र बैठकीत हिवाळ्याच्या जागीच राहतो. म्हणून तो त्याच खोलीत आणावा : कूलरपासून दूर, तुषार उडणार नाहीत असा, टेबलाच्या उंचीवर. फायबरची बारीक वायर लांबवताना ती खिळ्याला घट्ट गुंडाळू नका. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : शेजाऱ्याने नवा राउटर आणला आणि त्याच दिवशी फरक पडला. फरक पडला असेलच. पण नव्या डब्यासोबत नवा अ‍ॅडॉप्टर आला, बसवताना जागा बदलली, सगळे बंद करून पुन्हा सुरू झाले. या तीन गोष्टी जुन्यावर करून पाहिल्याशिवाय श्रेय डब्याला देता येत नाही. नवा राउटरही त्याच ४० अंशांसाठी बनलेला असतो. दुसरा आक्षेप रास्त आहे : दुपारी ठीक, पण रात्री नऊलाच नेट रडते, त्याचे काय? तिथे उष्णतेला दोष देऊ नये. लॅपटॉप वायरने राउटरला जोडा आणि पहाटे, दुपारी, रात्री वेग मोजा. वायरनेही फक्त रात्रीच वेग पडत असेल, तर गर्दी बाहेर आहे. फायबरच्या एका धाग्यावरचे सुमारे अडीच हजार एमबीपीएस बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि कंपनीची पुढची लाइनही सगळ्यांची एकच. अशा वेळी तीन दिवसांचे आकडे लिहून तक्रार करावी. राउटरवर पैसे घालून उपयोग नाही.

खरोखर बदलावा असा राउटरही असतो. प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि राउटरची पोर्ट जुन्या १०० च्या जातीची असेल, तर वायरने ९५ च्या आसपासच वेग मिळणार. थंड खोलीतही मिळणार तेवढाच. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा डबा दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या वायफायशी झगडत राहतो. आणि ज्याला कंपनीने सुरक्षेचे अपडेट देणे थांबवले आहे, तो वेग कितीही चांगला असला तरी काढावा. मात्र फायबरसोबत कंपनीनेच दिलेला डबा असेल, तर आधी तिच्याकडूनच बदलून मागा.

मेश पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर नवतप्याच्या नऊ दिवसांत रोज दुपारी तीनला अपटाइम आणि उण्यातला तो आकडा वहीत लिहून ठेवा. मेशचा हिशेब त्याच आकड्यांवर मांडायचा आहे.